आदामाचा धडा आणि गुळाची भेली

माझी फजिती ऐकायची असेल तर चहात साखर कमी टाका, कारण गोड खाण्यातूनच ती झाली आहे.

समुद्रपुरात माझं किराणा दुकान. शाळेत फार टिकलो नाही, पण वाचायचा नाद दांडगा. दर रविवारी चर्चमधून आलो की दुकानामागच्या खोलीत नातवंडांना घेऊन बायबल वाचतो. सालोमी सहावीत, योहान बालवाडीत. सध्या उत्पत्तीचे पहिले अध्याय चालले आहेत.

त्या रविवारी देवानं मनाई केलेलं फळ आदाम-हव्वा खातात, त्या गोष्टीची पाळी आली. आता नुसतं वाचून पोरांना मोह काय कळणार? मी दुकानदार माणूस, माल समोर मांडल्याशिवाय मला बोलताच येत नाही. बायकोनं ताट आणून ठेवलं: फुटाणे, मुरमुरे, बिस्किटं, आणि मधोमध नव्या गुळाची पिवळीधमक भेली.

"सगळं खा, पण गुळाले हात नाई लावायचा. धडा होईपर्यंत जो लावन, तो उद्या सुट्टीच्या सहलीले हिंगणीच्या धरणावर येणार नाई."

"कोणीबी?" सालोमीनं विचारलं.

"कोणीबी."

ही पोरगी वकील होणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

योहान दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. नजर गुळावरून हलेना. मला त्याची इतकी दया आली की धडा संपला की अर्धी भेली त्यालाच द्यायची, असं मनात ठरवूनही टाकलं.

साप हव्वेशी बोलायला लागतो तिथवर आलो आणि दुकानाच्या अर्ध्या शटरखालून हाक आली. भिवाजी, आमचं जुनं गिऱ्हाईक.

"शेटजी, नवा गूळ आला म्हंते. कसा हाय?"

आता तुम्हीच सांगा, जन्मभर माल चाखून विकणाऱ्याला हे विचारलं तर तो काय करेल? हात आपोआप गेला, खडा मोडला, तोंडात टाकला.

"एकदम साजरा हाय. खारटपणा नाई."

दोन्ही पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी गुपचूप उठलो आणि दुकानात साखरेच्या पोत्यांमागे जाऊन बसलो. का, ते विचारू नका. गिळायला जागा हवी होती.

"आबा, कुठी आहा तुम्ही?" आतून सालोमी.

"पोते पाहून राह्यलो."

"गूळ खाल्ला ना?"

"हा भिवाजी इचारून राह्यला म्हणून. अन् ताट तर तुह्या आजीनंच माह्या हाताजवळ ठेवलं."

सालोमी ओळीवर बोट धरून दारात आली. "पुढं लिहिलं हाय, आबा. आदामबी असाच लपला. अन् त्यानंबी बायकोचंच नाव सांगतलं."

"मले काय सांगतं?" आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी त्याच अध्यायात हाओ."

"म्हणजे मी साप झालो का, शेटजी?" भिवाजीनं शटरखाली डोकं घातलं.

योहान सालोमीचा हात ओढायला लागला. "आबाले येऊ दे ना ताई."

"नियम आबानंच केला," ताईनं निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सगळे बसनं हिंगणीला गेले. जाताना योहाननं आतल्या दाराच्या कडीत आपली लाल दिव्याची खेळण्यातली तलवार अडकवली. आत गूळ होता ना, आणि आदामाला हाकलल्यावर देवानंही बागेच्या वाटेवर ज्वालेची तलवारच ठेवली होती. ती तलवारही माझ्याच दुकानातली.

मी बाहेर घाम पुसत बसलो. दुपारी भिवाजी आला.

"एकटेच का, शेटजी? बरं, शेंगदाणे कसे हाय?"

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. "तूच चाखून पाय, भाऊ."