जानकीकाकीचं मॅडिसन

"आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ."

एवढाच मजकूर. तार जायची होती अमेरिकेला, आणि ती अत्यवस्थ आई माझ्या काउंटरसमोर धडधाकट उभी होती. नागावहून अलिबागपर्यंत चालत आली होती.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी अलिबागला पोस्टमास्तर होतो. जानकीकाकी म्हणजे नारळ-सुपारीची लहानशी वाडी सांभाळणारी विधवा बाई. तिचा एकुलता एक मुलगा दामू शिष्यवृत्तीवर बागायतीचं शिक्षण घ्यायला मॅडिसन नावाच्या शहरी गेलेला. ही तार गेली असती तर पोरगा पहिल्या बोटीनं परत आला असता, आणि तसली शिष्यवृत्ती काही दुसऱ्यांदा मिळत नाही.

तार नाकारायचा मला अधिकार नव्हता. मजकूर खरा की खोटा हे पोस्टमास्तरनं बघायचं नसतं. मी म्हटलं, "काकी, आधी बसा," आणि स्टूल पुढं केलं.

"दामूचं पत्र येत नाही का?"

"येतं. सुखरूप हाय म्हनतो."

"मग?"

"मास्तर, रातीला डोळं मिटलं का तो मला मुंबैच्या धक्क्यावर दिसतो. बोटीत चढतो. त्याच्या फुडं कायच दिसत न्हाय. सुखरूप हाय, पन कुठं हाय?"

दामूच्या पत्त्याच्या पाकिटावर मी कितीदा शिक्का मारला होता, पण मॅडिसन डोंगरावर आहे की वाळवंटात, हे मला तरी कुठं माहीत होतं!

"दिवाळीपर्यंत थांबा," मी म्हटलं. "तिथल्या पोस्टमास्तरला विचारतो."

"तुमची वळख हाय?"

"ओळख कशाला लागते? तोही पोस्टमास्तर, मीही पोस्टमास्तर."

काकीला हे पटलं. तिनं तार मागं घेतली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

उत्तर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आलं. लांबलचक गुंडाळी. नेमके त्याच दिवशी आमचे इन्स्पेक्टर तपासणीला आलेले.

"हे अमेरिकेहून काय मागवलंत?"

"नकाशा, साहेब."

"खात्याच्या खर्चानं?"

"माझ्या खर्चानं. एक तार थांबवायची होती."

"तार थांबवणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"बाईनं आपणहून थांबवली आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. म्हणाले, "उघडा बघू." मग तपासणी राहिली बाजूला आणि आम्ही दोघं टेबलावर ओणवे झालो.

तो डेन काउंटीचा नकाशा होता. काउंटी म्हणजे आपल्या दोनतीन तालुक्यांएवढा मुलूख समजा, आणि मॅडिसन हे त्याचं अलिबाग. कोर्ट, कचेरी, बाजार सगळं तिथं. त्या काउंटीतल्या टपालवाल्यांच्या फेऱ्या नकाशात आखल्या होत्या. फेरीला ते लोक रूट म्हणतात. रूटवरचं प्रत्येक घर काळ्या ठिपक्यानं दाखवलेलं. शहराबाहेर दामू ज्या शेतकऱ्याकडं राहत होता, त्या घराला त्या भल्या माणसानं लाल शाईनं गोल केला होता, आणि शेजारपाजारची माहिती वेगळ्या कागदावर लिहून दिली होती. कोण कुठला माणूस, ना ओळख ना देख!

रविवारी मी नकाशा घेऊन नागावला गेलो. काकीनं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि खाली ठेवला.

"ह्या कागदातलं मला न्हाय कळायचं. तुमी वाचा, मी मांडते."

अंगणात सुपारी वाळत पडली होती. मी वाचत गेलो, ती मांडत गेली. पाणी भरलेल्या दोन करवंट्या म्हणजे दोन तलाव. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहर.

"म्हंजे पानी हाय तिथं!" काकी एकदम सैलावली.

"थंडीत ते तलाव गोठतात. माणसं वरून चालत पलीकडं जातात."

"त्यात काय? व्होटीला पानी सरलं का आपन न्हाय दर्यातल्या किल्ल्यावर चालत जात?"

"बर्फ फार पडला की दामूच्या रस्त्याला टपाल जात नाही म्हणे."

"पावसात आपली बोट बंद व्हते, तसंच की."

मग रूटवरची घरं. एकेका घराला एकेक सुपारी. एक सुतार. एक कोंबड्या पाळणारी म्हातारी. तिच्यापुढं दामूचं घर. तिथं काकीनं सोललेली सुपारी ठेवली.

"शेजारीन हाय. मग बरं हाय," ती म्हणाली. तारेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढं शिमगा जवळ आला आणि दामूची पत्रं थांबली. विलायती टपाल आठवड्यानं येई. एक टपाल कोरं गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. माझा जीव टांगणीला. तार थांबवायला लावणारा मीच ना! पोराचं काही बरंवाईट झालं असेल तर? शेवटी मीच नागाव गाठलं.

"काकी, तार करू. खुशाली विचारू."

काकी सुपारी उलथत होती. हात थांबला नाही.

"कशाला? रस्ता बंद आसंल. टपालवाला त्या कोंबडीवाल्या म्हातारीपत्तुर येत आसंल, फुडं न्हाय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पन आता भ्याले तरी कुठं बघायचं त्ये ठावं हाय."

होळीच्या आदल्या दिवशी तीन पत्रं एकदम आली. रस्ता बर्फानं बंद होता. मी धापा टाकत नागावला जाऊन वाचून दाखवली. काकीनं डोळे पुसले आणि विचारलं, "म्हातारीच्या कोंबड्यांचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मंग इचारा त्याला."

शिक्षण पुरं करून दामू परतला, तेव्हा काकीनं त्याला डेन काउंटीची इत्थंभूत माहिती दिली. बरीचशी त्याला नवीन होती.

नोकरीत मी नियमांची पुस्तकं पुष्कळ वाचली. त्यांत नसलेला एक नियम माझ्या पदरचा सांगतो. तार करायला आलेल्या माणसाला आधी बसायला स्टूल द्यावं.