डोळ्यातली खिडकी

माझी मुलगी सई संगणकावर एका म्हाताऱ्याचा चेहरा घडवत होती. सुरकुत्या, भुवया सगळं जमलं होतं. डोळे मात्र निर्जीव.

“बाबा, उजेडाकडे बघ. हलू नकोस हं,” म्हणत ती माझे डोळे निरखू लागली. “अरे, खिडकी दिसतेय तुझ्या बुबुळात, गजांसकट!”

तिने म्हाताऱ्याच्या बुबुळांवर एकेक पांढरा ठिपका ठेवला आणि म्हातारा चक्क आमच्याकडे बघू लागला. समोरच्यात जीव आहे असं वाटायला आपल्या नजरेला एवढासा उजेड पुरतो!

तिच्या या कामाला मी खेळ म्हणायचो, तेही तिच्याकडे न बघता. मी ओशाळलो.

“आता हल की,” खिडकीकडे वळत ती हसली.

मी हललो नाही. तिच्या डोळ्यातली खिडकी मला अजून बघायची होती.