रुमालाखालचं स्वयंपाकघर

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या मंडईत गवार निवडत होते. फोन भाच्याचा. "मावशी, दादा गेले. पहाटे झोपेतच..." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. नव्या स्वयंपाकघराचं बजेट ठरवण्यात या माणसाने चार महिने घालवले, आणि त्या स्वयंपाकघरातला चहा जेमतेम तीन आठवडे पिऊन चालता झाला, हा कुठला व्यवहार? गवारीची पिशवी तिथेच गाड्यावर विसरून मी स्टँड गाठलं आणि आटपाडीपर्यंतच्या एसटीत रडले कमी, दाजींशी भांडले जास्त. अर्थात मनातल्या मनात. त्याला आज सव्वा महिना झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आटपाडीच्या अलीकडे त्यांचं गाव आणि धंदा हेडीचा, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीत मधे पडणाऱ्या दलालाचा. खिलार बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, चार पायांचं जे असेल ते त्यांच्या हाताखालून जायचं. हाताखालून म्हणजे अगदी खरोखरच. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून बोली चालते. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. ते शंभर, की हजार, की दहा हजार, हे समोरचं जनावर बघून समजायचं. चेहऱ्यावर मात्र काही उमटता कामा नये. दाजींना त्याची इतकी सवय झाली होती, की पोरगा बारावी पास झाल्याचं सांगायला ते घरात आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून अक्काने नापास झाला असं समजून रडायला सुरुवात केली होती.

गेल्या वर्षी अक्काच्या गुडघ्यांनी संप केला. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "आजी, खाली बसणं बंद." आता अक्काचं स्वयंपाकघर म्हणजे सगळं खाली बसणंच. चूल खाली, गॅस वीतभर उंच कडाप्प्यावर, काटवट खाली, पाट्याचं तर विचारूच नका. त्या खोलीत उभं राहून करायचं काम एकच, भिंतीवरचं कॅलेंडर बघणं. तेव्हा ओटा हवा, सिंक हवं, खिडकी हवी आणि हे सगळं लवकरात लवकर हवं, असं मी जाहीर करून टाकलं. या विषयात मला अधिकार होता. साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर मी नुकतंच नवं करून घेतलं होतं, तेही चौकटीच्या वहीत रकाने आखून: फरशी, ओटा, नळ, रंग, मजुरी आणि शेवटी 'किरकोळ'. खर्च दुप्पट झाला ही गोष्ट वेगळी. तो सगळा किरकोळमध्ये झाला. तसाच एक कागद मी दाजींना करून दिला. त्यांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि घडी करून मला परत दिला. "शोभाबाई, लय झ्याक लिवलंय. पर ह्यो कागूद कुनाच्या हाताला लागू देऊ नका. गिऱ्हाइकानं आपला आकडा भिताडाला चिकटवला तर भाव कोन पाडंल?"

तरी मी हटले नाही. त्यांना सांगलीला एका मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेले. दाजींनी एकेक ड्रॉवर ओढून आत वाकून बघितलं, बैलाचे दात बघावेत तसं. कपाटाच्या दारावर थाप मारून आवाज ऐकला. मग टाय लावलेल्या विक्रेत्याला कोपऱ्यात घेतलं, त्याचा हात धरला, खांद्यावरचा रुमाल वर टाकला आणि भलतीकडेच बघत त्याचं बोट दाबलं. तो तिशीतला भला माणूस आधी गोंधळला. मग आजूबाजूला बघत, हळू आवाजात म्हणाला, "काका, लग्नाचा योग कधी आहे?" दाजींनी क्षणभर विचार केला आणि पुढच्या वर्षी आहे असं सांगून टाकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्याला बोट कळंना, त्याच्यासंगं काय येव्हार करायचा?" आम्ही भडंग घेऊन घरी आलो.

भाचा पुण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, बजेट सांगा, मी पैसे पाठवतो. फोनवर आकडा बोलायला दाजी तयार होईनात. वाटेत कोण ऐकत असेल याचा काय नेम, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्याने व्हिडिओ कॉल केला. दाजींनी डोक्यावरून रुमाल घेतला, फोनही रुमालाच्या आत घेतला आणि आतल्या अंधारात बोटं दाखवायला लागले. भाचा पलीकडून ओरडतोय, "दादा, काहीच दिसत नाही." आतून दाजी म्हणतायत, "दिसू ने म्हनूनच तर घेतलाय."

या सगळ्यात अक्का मात्र गप्प होती. संक्रांतीला मी गेले होते तेव्हा माझ्यादेखत तिने तोंड उघडलं. दाजी जेवून हात धुवत होते. अक्का म्हणाली, "सारी जिंदगी बैल इकलं तुमी. वैरण मी घातली, पाणी मी पाजलं, जाताना दावं धरून रडले बी मीच. कितीला गेला इचारलं की तुमचं एकच, बऱ्या भावानं गेला. आता ही माझी चूल हाय. हिचा आकडा मला कळल्याबिगर आन् मला पटल्याबिगर ह्या घरातली एक ईट हलायची न्हाई."

"आकडा तोंडानं बोलायचा नसतोय," दाजी म्हणाले.

"मग बोटानं बोला. मला काय बोटं न्हाईत व्हय?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. पन्नास वर्षांच्या धंद्यात रुमालाखाली बाईचा हात कधी आला नव्हता. "आगं, लोक काय म्हनतील..." ते पुटपुटले.

"न्हवऱ्याचाच हात मागतीया. लोकाचा न्हवं," अक्का म्हणाली आणि खरकटी ताटं उचलून आत गेली.

मग त्या दारात जे सुरू झालं, तसलं बजेट मी तरी कुठे बघितलेलं नाही. संध्याकाळी शेळ्या कोंडून झाल्या की कट्ट्यावर घोंगडं पडायचं. एका बाजूला दाजी, एका बाजूला अक्का, मध्ये रुमाल. दोघांची तोंडं रस्त्याकडे आणि चेहरे कोरे. बोटांची भाषा अक्का चार दिवसांत शिकली. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा की साध्या कडाप्प्याचा, सिंक एका भांड्याचं की दोन, खिडकी गोठ्याकडे काढायची की रस्त्याकडे, त्याला किती लागतील, एकेक बाब रुमालाखाली जायची. येणारे-जाणारे आधी बावरले. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्याने चालतात तेसुद्धा चार पावलं पुढे-मागे. आणि इथे पिकल्या केसांची जोडी भर दारात हात धरून बसलेली. पण व्यवहार म्हटल्यावर बोलणार कोण? उलट बाजारातले दाजींचे जुने सोबती वाट वाकडी करून यायचे, समोरच्या दगडावर बसायचे आणि दोघांची तोंडं बघून आकड्याचा अंदाज बांधायचे. "तात्या, आज तरी मिटलं का?" असं दाजींना विचारायचे; बाजारात ते सगळ्यांचे तात्या. दाजी मान हलवायचे. मिटत आलं असं वाटेपर्यंत अक्का हात काढून घ्यायची, "जमत न्हाई" म्हणायची आणि भिंतीचा आधार घेत आत जायची.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी फोन करून विचारायचे, ठरलं का? "बोलनं चालू हाय," अक्का सांगायची. तिच्या आवाजात तक्रार नसायची. मला वाटायचं, सोसायची सवय झालेली बाई, ती काय तक्रार करणार. एप्रिल संपता संपता मी स्वतःच गेले आणि दाजींना धारेवर धरलं. "दाजी, अक्का अजून खाली बसून भाकऱ्या करतेय. उठताना दोनदा बसते. तुमचे चार पैसे वाचतील, पण तिचे गुडघे कोण आणून देणार? जन्मभर जनावरांची घासाघीस केलीत, आता बायकोशी तरी करू नका." हे जरा जास्तच झालं, बोलता बोलताच मला कळलं. दाजींनी ऐकून घेतलं. तंबाखू मळत राहिले, चुना झटकला. मग म्हणाले, "सौदा हाय, शोभाबाई. समोरच्याचं मन भरल्याबिगर हेडीनं उठायचं नसतंय." मी म्हटलं, वा रे वा. आणि अक्काने टाकलेला चहा न पिता एसटीला निघून आले. ती आतून बाहेरही आली नाही, याचाही मला राग आला होता.

माझ्या बोलण्याने असेल वा नसेल, मे महिन्यात विट्याहून रफीक मिस्त्री आले. त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिले. मिस्त्रींचे वडील बकऱ्यांचे व्यापारी, त्यामुळे बोटांची भाषा त्यांच्या घरचीच. दाजींनी रुमाल टाकला, दोघांनी दोन दिशांना बघितलं आणि चुलीवर चहाला आधण येईपर्यंत सौदा मिटलासुद्धा. मी कपाळाला हात लावला. चार महिने जे बायकोशी जुळेना ते मिस्त्रीशी दोन मिनिटांत जुळलं. मिस्त्रींना बाजूला घेऊन मी विचारलं, "कितीला?" ते हसून म्हणाले, "बाई, रुमालाखालचं बाहिर काढत न्हाईत." तो आकडा मला आजही माहीत नाही. अक्काला माहीत आहे, पण ती सांगत नाही. तीही आता त्यांच्यातलीच झाली आहे.

काम मात्र देखणं झालं. ओट्याची उंची रफीकभाईंनी टेपवर नाही ठरवली. अक्काला भिंतीशी उभं केलं आणि म्हणाले, "वैनी, भाकरी थापा." अक्काने हवेत भाकरी थापली, तिच्या तळव्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, आणि तिथे ओटा आला. साताऱ्यातला माझा ओटा कंपनीच्या मापाचा आहे. माझे खांदे रोज दुखतात. जुलैमध्ये नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. दाजी दारात उभे होते. आत कुठे बसावं ते त्यांना कळेना, कारण बसायचा पाटच आम्ही माळ्यावर टाकला होता. मग प्लास्टिकची एक खुर्ची खिडकीशी ठेवली, आणि पुढचे तीन आठवडे सकाळचा चहा त्यांनी त्या खुर्चीवर घेतला. अक्का सांगते, रोज चहा पिऊन झाला की एकदा सगळे ड्रॉवर ओढून आत बघायचे, मग बाहेर जायचे.

मला दाजींची फार आठवण येते. माझी एवढी थट्टा करणारं आणि माझी एवढी बोलणी खाणारं माणूस आता कुणी उरलं नाही. पण ते चार महिने काही मनातून जात नव्हते. मागच्या आठवड्यात मी अक्काकडे राहायला गेले होते. सकाळची वेळ. ती ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती आणि मी खिडकीशी त्या खुर्चीवर बसले होते. ओटा तिला इतका बेताचा, इतका सोयीचा झालेला, की बघूनच माझं पित्त खवळलं. म्हटलं, "अक्का, दाजींनी ते चार महिने वाया घालवले नसते, तर तेवढे दिवस तुम्हा दोघांना इथे मिळाले असते गं."

अक्काचा हात थांबला. "त्यांनी न्हाई," ती म्हणाली. "मी घालवलं."

मी खुर्ची ओट्याकडे सरकवली.

"आकडा आठ दिसांतच ठरला हुता, शोभे. ते म्हनायचं, मिटलं आता, उद्या मिस्त्रीला सांगावा धाडतो. आन् मी हात काढून घ्यायची. म्हनायची, जमत न्हाई, उद्या बसू."

"अगं, पण का?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली. "लग्नात हातात हात दिला, त्यो तेवढाच. चव्वेचाळीस वर्सं झाली. फुडं बाजार, जनावरं, पोर... हात धरायला सवड कुनाला हुती? मला तरी काय म्हाईत, आपल्याला ते आवडतंय म्हनून. गुडघं लय दुखायचं, पर सांज कवा हुतीया असं व्हायचं. तू ह्यास्नी बोलायला लागलीस त्या दिवशी मी आत पदर तोंडात धरून बसले हुते. बाहिर कुठल्या तोंडानं येऊ?"

त्या दिवशी दाजी निमूट तंबाखू मळत बसले होते, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी विचारलं, "त्यांना कळलं होतं का गं?"

अक्काने भाकरी उलटली.

"हेडी मानूस न्हवं का ते," ती म्हणाली. "समोरचं गिऱ्हाईक घेनार हाय, का नुसतंच हात धरून बसलंय, ते त्यास्नी पयल्या दिवशीच कळायचं."