पर कातरलेली मादी

इंदुमती ठवरेच्या हाताला माशाचं पोट दाबायची इतकी सवय झाली होती, की घरी कणीक मळतानाही तिचा अंगठा आपसूक खालच्या अंगाला सरकायचा. आई, शशिकलाबाई, मूळच्या नागपूरच्या. बघून म्हणायच्या, "काऊन वं, पोळ्या करून रायली का मासोळी पिळून रायली?"

बाप कारखान्यात टर्बाइन खात्यात नोकरीवर असतानाच गेला. त्याच्या जागी इंदूला टाउनशिपच्या टोकाच्या, कारखान्याच्याच मत्स्यबीज केंद्रात चिकटवलं. नोकरी होती म्हणून क्वार्टर होतं, क्वार्टर होतं म्हणून आई भोपाळ सोडायचं नाव घेत नव्हती, आणि आईमुळे इंदूला आलेली स्थळं बिट्टन मार्केटच्या वांग्यांसारखी हाताळून परत ठेवली गेली.

केंद्राचं काम एकच. नर्मदेतून संपत चाललेला महाशीर मासा सिमेंटच्या टाक्यांत वाढवायचा नि नदीत सोडायचा. वाढायचा तो बेटा, पण वयात येण्याचं त्याचं तंत्र बिघडलेलं. आयत्या खाण्यावर पोसलेले नर वीतभर झाले की तयार. पोटावरून बोट फिरवलं की पांढरं बीज सुटायचं. माद्या हातभर लांब, गरगरीत, आणि आत अंडी म्हणून नाहीत. नुसती चरबी. कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या जणी एकाच कोपऱ्यात तोंडं वर करून गोळा व्हायच्या, कारण खाणं तेव्हाच पडायचं. इंदूही डबा भोंग्यालाच उघडायची.

एका वर्षी ती टँकरबरोबर मासे सोडायला गेली होती. प्रत्येकाचा पोटाखालचा एक पर खुणेसाठी कातरलेला. गुडघाभर पाण्यात तिच्या पायांशी ते सगळे कोपरा शोधत घुटमळले. मग एक मादी वळली आणि प्रवाहाच्या उलट अशी सुसाट गेली, की इंदू ओलं लुगडं पिळायचं विसरली. तेव्हापासून तिला नदीवरची बदली हवी होती.

यंदा केंद्राच्या दामलेसाहेबांनी स्पष्टच सांगितलं. "आपण सोडलेली एखादी मादी नदीत वयात आलेली सापडली, तर टाक्या चालू. नाहीतर इथलं बंद. मग नर्मदेच्या घाटावरच जंगली माद्या धरून बीज काढायचं, आणि इंदूताई, तुम्ही तिकडे."

आई ऐकून उखडली. "नदीकाठी काय खाशीन, वाळू?"

पिकलेली मादी मिळावी म्हणून जिने इतकी वर्षं संकष्ट्या केल्या, ती आता गणपतीकडे उलटंच मागू लागली.

भाद्रपदात घाटावरच्या रामदीन केवटाच्या जाळ्यात मादी आली. साहेब जीप घेऊन निघाले, इंदू मागे बसली. रामदीनने मासा पाण्यातच धरून ठेवला होता. "जीजी, पर कटा है. तुम्हारी वाली है."

इंदूने ओल्या फडक्यात मादी घेतली. अंगठ्याला तत्क्षणी कळलं. पोट भरलेलं, लोण्यासारखं मऊ, खालचं भोक लालसर. तिने अंगठा उचलला.

साहेब वाळूवरून ओरडले, "काय इंदूताई, आहे का काही?"

"नाही सर. रिकामी आहे."

आणि ती मादीला पाण्यात सोडायला वाकली. तेवढ्यात मादीने शेपटीचा एकच तडाखा दिला, आणि कुणी न दाबता सोनेरी अंडी भळाभळा इंदूच्या मनगटावरून, बांगड्यांतून वाहू लागली.

"अरे वाह जीजी, खाली बता रही थीं!" रामदीन खदखदून हसला.

इंदूला रडू आलं, पण हात थांबेनात. "तसराळं आण, भैया! जाळ्यातला नर धर एखादा, जल्दी!" तिनेच ओरडून सांगितलं. अंडी तसराळ्यात घेतली, त्यावर नराचं बीज पिळलं, पिसाने हलकेच कालवलं. मोकळी झालेली मादी खोल पाण्यात गेली. या खेपेला ती घुटमळलीसुद्धा नाही.

साहेब फोनवर वरच्यांना सांगत होते, "आपल्याच टाकीतली, सर!" मग इंदूकडे वळले. "रिकामी म्हणता? तुम्ही पण ना! आता टाक्यांना कोणी हात लावत नाही. आणि तुमच्यावाचून त्या सांभाळणार तरी कोण?"

घरी आईने दारातच विचारलं, "मंग, क्वार्टर राह्यलं न?"

"राह्यलं."

"बरं झालं माय. आता सैपाकघराले चुना मारून घेऊ."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. इंदू खाण्याची बादली घेऊन टाकीपाशी गेली. माद्या कोपऱ्यात तोंडं वर करून थांबल्याच होत्या. तिने मूठ भरली आणि मुद्दाम समोरच्या, लांबच्या कोपऱ्यात फेकली. खाणं तिथे तरंगत राहिलं. एकही जागची हलली नाही.