ज्वारीत ठेवलेला फोन

टचचे फोन नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. पालीच्या धरणावर पाय धुताना माझा फोन पाण्यात पडला. त्यात वारलेल्या आईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता.

चौसाळ्याला रस्त्याकडेला एकजण फोन दुरुस्त करायचा. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

"पाणी लागलंय का?"

मी नाही म्हणालो. पाण्याचं सांगितलं की कुणी फोनला हात लावत नाही, असं ऐकलं होतं.

त्यानं बॅटरी काढली. पाणी लागलं की रंग बदलणारा खालचा पांढरा कागद लाल झाला होता. त्याकडे न बघितल्यासारखं करून त्यानं चार्जिंगच्या भोकातून सुईनं ज्वारीचं फोलपट काढलं आणि तळहातावर ठेवून बघत बसला. रस्त्यावरचे ट्रक जणू लांबून, झोपेत ऐकू यावेत तसे जात होते.

"पाण्याचं कुणीच सांगत न्हाई," तो म्हणाला. "ज्वारी सांगती. सुकवायला किती दिस ठेवलता तिच्यात?"

"तीन."

ब्रशनं हळूहळू पुसत, सुकवत त्यानं तासाभरानं फोन चालू केला. मी रेकॉर्डिंग लावलं. आवाज जरा ओलसर होता.

"जेवलास का रे?"

दुसऱ्या फोनचा स्क्रू पिळणारा त्याचा हात थांबला.

"जेवलो, माय," तो हळूच म्हणाला.

इतक्या वेळा ऐकूनही उत्तर द्यायचं मला कधी सुचलं नव्हतं.