निवडलेली मेथी

दवाखान्यामागच्या खोलीत दर मंगळवारी आमचा गट बसतो. मन आजारी पडलेली आम्ही दहा-बारा माणसं. घरून भाजी आणायची आणि ती निवडत बोलायचं, ही इथली पद्धत. हात गुंतले की तोंड मोकळं होतं, असं गट चालवणाऱ्या शैलाताई म्हणतात.

आज एक नवी बाई आली. तिने डबा उघडला, तर आत मेथी निवडून, धुऊन, कोरडी करून आणलेली. "तुम्हाला त्रास नको म्हणून," ती म्हणाली.

मला हसू आलं. पहिल्या दिवशी मीही अशीच मेथी आणली होती. त्याआधी चार महिने दार लावून घरात बसले होते. तरी डॉक्टरांनी इकडे पाठवलं, तेव्हा साडीला इस्त्री केली आणि "मी बरी आहे" हे वाक्य घोकत आले. शैलाताई एवढंच म्हणाल्या, "सगळं घरीच निवडून आणलंत, तर आम्ही काय करायचं?"

लोकांत जायचं तर आधी नीट व्हायला हवं, असं वाटतं आपल्याला. एकटीला नीट होता आलं असतं, तर लोक लागले कशाला असते?

मी माझी जुडी सोडली आणि अर्धी मेथी मातीसकट तिच्यापुढे ठेवली. ती पानं खुडू लागली. मग खाली बघतच म्हणाली, "घरी कुणाला सांगितलेलं नाही मी."

तिला अवघडायला नको म्हणून कुणी मान वर केली नाही. शेजारच्या काकांनी फक्त आपली थोडी मेथी तिच्याकडे सरकवली.