आई, टीव्ही आणि एक होकार

माझ्या आईचे कान दोऱ्याच्या कारखान्याने खाल्ले. सव्वीस वर्षं ती मशीनवर उभी होती. तिथल्या घरघरीत शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळ्या बायका एकमेकींचे ओठ वाचायला शिकल्या होत्या. आई त्यात पटाईत. पंचाईत एकच, मुकादमाच्या मिशा. इतक्या दाट की ओठच दिसायचे नाहीत. ऐकू येत नाही हे कळलं तर घरी बसवतील, म्हणून तो काहीही म्हणाला की आई ‘हो’ म्हणून मोकळी. शेवटची आठ वर्षं तिने या ‘हो’वर काढली.

पुढे ती सवयच लागली. शेजारीण सांगत आली, ‘सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं,’ तर आई हसून म्हणाली, ‘हो हो, छान झालं!’ त्या बाईने दोन महिने आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. गल्लीत आईला ‘होयबा’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तीही हसायची.

टीव्ही तिने कारखाना सोडताना मिळालेल्या पैशांतून घेतला. बिल तिच्या नावावर. घरात तिच्या नावावर असलेली ही पहिलीच वस्तू. मालिकेतलं बोलणं पडद्याच्या खाली लिहून यायचं. दुकानदाराने ते लावून दाखवलं तेव्हा आई तिथल्याच स्टुलावर बसली आणि अर्धा तास उठेना. ‘अगं, ही बाई एवढी खोटं बोलते होय?’ मला म्हणाली. जुन्या छोट्या टीव्हीवर ओठ कळत नसत, त्यामुळे वर्षानुवर्षं मालिकेतल्या त्या बाईचा नुसता चेहरा बघून ती तिला भली समजत होती.

मी औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर उभं राहून घरी आले की आई चहाबरोबर अख्खा भाग सांगायची, तोही सगळ्यांचे आवाज काढून. मी वैतागायचे. ‘पुरे गं, कळलं,’ म्हणायचे. बोलू द्यायला हवं होतं. माझं काय जात होतं?

वॉरंटी एक वर्षाची होती. चौदाव्या महिन्यात पडद्याचा खालचा भाग काळा पडला, नेमका अक्षरांचा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याने टीव्ही उघडलासुद्धा नाही. पडद्यावर टॉर्च धरला तर त्या काळोखात पुसट अक्षरं दिसली.

‘चित्र येतंय, मागचे दिवे गेलेत,’ तो म्हणाला. ‘याच मॉडेलचे चार टीव्ही आलेत माझ्याकडे, चारही खालूनच गेलेले. हा कंपनीचाच दोष आहे ताई. मी हात लावत नाही, नाहीतर माझ्यावर ढकलतील. तुम्ही भांडा.’

भांडणात मी कुणाला हार जाणारी नव्हे. तीन आठवडे मी औषधांच्या खोक्यांमागे उभी राहून कंपनीला फोन करत होते. ‘वॉरंटी संपलीय मॅडम,’ हे ऐकून ऐकून कान किटले. तिकडे आई टॉर्च घेऊन पडद्याला नाक लावून बसायची. एकेक शब्द उजेडात धरून वाचायची, तोवर पुढचा निघून जायचा. डोळ्यांतून पाणी गळायचं.

‘डोळे जातील आई.’

‘जाऊ देत. कानांना सोबत होईल.’

अखेर कंपनी वाकली. या मॉडेलमध्ये दोष आहे हे मान्य, पडदा फुकट बदलून देऊ म्हणाले. मात्र टीव्ही कुणी उघडलेला नसावा आणि बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच ते फोनवर सांगावं. बोलणं रेकॉर्ड होणार. मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही हो. ‘नियम आहे मॅडम.’

मी आईला बजावलं, ‘फक्त माझ्याकडे बघ. मी मान डोलावली की हो, नाहीतर नाही.’ फोन स्पीकरवर टाकून मी आमच्या मधे ठेवला. आई केस नीट करून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. नाव बरोबर? हो. पत्ता हाच? हो. आपणच खरेदी केला? हो. मग फोनवरची कंपनीची मुलगी म्हणाली, ‘टीव्ही बाहेरच्या कुणी उघडला होता का?’

मी जोरजोरात ‘नाही’ची मान हलवली. पण आई आता माझ्याकडे बघतच नव्हती. ती फोनकडे बघत होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघावं, ही तिची रीत. हसून म्हणाली, ‘हो हो. सगळं नीट झालं.’

मी फोन ओढून घेतला, आरडाओरडा केला. ‘ग्राहकाने स्वतः मान्य केलंय मॅडम.’ तक्रार बंद. मेकॅनिकने खरं काय ते लिहून दिलं, तर तेच बाहेरचा माणूस आल्याचा पुरावा ठरलं.

त्याच संध्याकाळी परगावाहून भावाचा फोन आला. मी धुमसत होते. ‘आईनेच माती केली,’ मी म्हणाले. ‘तोंडाशी आलेला घास घालवला. तिला काही विचारण्यातच अर्थ नाही रे.’

आमच्या घरात गुपित बोलायचं तर आवाज कमी करून भागत नाही, तोंड फिरवावं लागतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी रागात विसरले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

ती आत वळली. कदाचित नसेल वाचलं, असं मी स्वतःला समजावलं. तेव्हाच जाऊन तिचे हात धरायला हवे होते.

पुढच्या महिन्यात भावाने नवा टीव्ही पाठवला, आधीच्यापेक्षा मोठा. अक्षरं ठसठशीत येतात. आई बघते, पण आता मला काही सांगत नाही. शेजारणी बोलायला आल्या की आत निघून जाते. तिने एक वही आणलीय. मी काही विचारलं की माझ्या ओठांकडे न बघता ती वही पुढे करते. ‘जेवलीस का?’ एवढंसुद्धा मी लिहून विचारायचं.

परवा मी तिच्यासमोर बसले आणि वहीत लिहिलं, ‘आई, माझ्यावर रागावलीस का?’ तिने चष्मा लावला आणि पुन्हापुन्हा वाचलं. बोलता येत असूनही पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, ‘यावर काय म्हणायचं ते तू सांग, तसं म्हणते.’